स्टँडर्ड उंचीचा ओटा

किचन नवं करायचंय, सुरुवात कुठून करू, असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं. घरात स्वयंपाक कोण करतं ते आधी सांगा आणि त्या माणसाला माझ्यासमोर उभं करा. रंग नंतर. ट्रॉल्या नंतर. चिमणी तर सगळ्यात शेवटी. एवढं साधं सांगते, तरी दहातली नऊ घरं मला आधी मोबाइलमध्ये फोटो दाखवतात. फोटोत पांढरंशुभ्र किचन असतं, फुलदाणी असते, तीन लिंबं ठेवलेली काचेची वाटी असते आणि स्वयंपाक करणारं माणूस कुठेच नसतं.

साकीनाक्याला एका गाळ्यात आमचं वर्कशॉप आहे. किचनची कॅबिनेटं, ट्रॉल्या, ओट्याचे दगड, सगळं तिथे होतं. माझं काम घरोघर जाऊन मापं घ्यायचं. वीस वर्षं झाली. मुलुंडहून निघते आणि बोरिवली, अंधेरी, पार्ले, जिथे बोलावतील तिथे टेप घेऊन हजर होते. भिंती मोजते, खिडकी मोजते, गॅसची पाइप कुठून येते ते बघते. मग बाईला म्हणते, चपला काढा, सरळ उभ्या राहा, कोपरातून हात दुमडा. जमिनीपासून कोपरापर्यंत जेवढे इंच भरतील त्यातून भाजी चिरायच्या जागेला चार वजा करायचे, शेगडीच्या जागेला सहा. संपलं. यात काही शास्त्र नाही, पाठ न दुखता भाकरी भाजता यावी एवढीच अपेक्षा आहे.

आणि इथेच माझं डोकं फिरतं. कारण बाई उभी राहायच्या आत सोफ्यावरून आवाज येतो, "स्टँडर्डच ठेवा हो." बोरिवलीच्या एका घरात मी सरळ विचारलं, स्टँडर्ड म्हणजे कोणाचं? ते गृहस्थ म्हणाले, "चौतीस इंच. सगळीकडे तेच असतं." त्यांची बायको दाराशी उभी होती. बारीक चणीची, माझ्या खांद्याला लागेल एवढी. मी म्हटलं, स्वयंपाक तुम्ही करता का? ते हसले. मी नाही हसले. चौतीस इंच हे कोणाचं कोपर आहे, ते मला वीस वर्षांत सापडलेलं नाही. ते माणूस एकदा भेटलं पाहिजे. त्याच्यासाठी या शहरातल्या निम्म्या बायका खांदे वर करून पोळ्या लाटतायत.

अशा वेळी मी लोकांना गवंड्याची गोष्ट सांगते. घाटकोपरला आमची जुनी चाळवजा बिल्डिंग होती. मी दहा वर्षांची असताना बाबांनी कडप्प्याचा ओटा घालून घ्यायचं ठरवलं. गवंडी आला, त्याने मोजायला काही काढलंच नाही. आत येऊन आईला म्हणाला, "वहिनी, जरा भिंतीशी उभ्या राहा बघू. पोळपाट-लाटणं घ्या हातात. लाटायला लागा." आई हवेत पोळी लाटायला लागली. आम्ही भावंडं खो-खो हसलो. त्याने पोळपाटाच्या खालच्या कडेला भिंतीवर खडूची रेघ मारली आणि ओटा तिथे घातला. तीस इंच. आई मालवणची, चार फूट दहा इंच. त्या ओट्यावर तिने चाळीस वर्षं स्वयंपाक केला, पण पाठ दुखते असं तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. शाळेचं तोंड न बघितलेल्या माणसाला जे कळलं ते तुम्हाला कळू नये? असं विचारलं की गिऱ्हाईक जरा वरमतं. गोष्ट मी फार रंगवून सांगते. वर्कशॉपमधल्या मिस्त्रींना ती पाठ झाली आहे.

मग आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. तीन वर्षं आई दादा-वहिनीबरोबर भाड्याच्या घरात राहिली आणि नंतर सगळे अकराव्या मजल्यावर राहायला गेले. बिल्डरने ओटा घालूनच दिला होता. चौतीस इंच, काळा ग्रॅनाइट. खाली लादी अशी गुळगुळीत की चेहरा दिसावा. दादा सगळ्यांना घर फिरून दाखवायचा. हॉलमध्ये त्याने एल आकाराचा सोफा घेतला, खोल, पांढुरका. आई त्यावर मागे टेकून बसली की तिचे पाय जमिनीला लागत नाहीत. म्हणून ती कडेला बसते, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसतात तशी. पाच वर्षं होत आली, अजून ती त्या सोफ्यावर टेकलेली मी बघितलेली नाही. सोफा घेताना दुकानात तिला बसवून बघा, एवढं कोणाला सुचलं नाही. घरातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचे पाय टेकतात का ते बघून खुर्च्या घ्याव्यात. पण फोटो चांगला आला, तो ग्रुपवर टाकला, पन्नास अंगठे मिळाले.

आता मी माझं सांगते, कारण दादाला शिव्या घालणं सोपं आहे.

त्या ओट्याखालची कॅबिनेटं आमच्या वर्कशॉपमधून गेली. मापं मी घेतली. ओटा तयार होता, तो तोडायला दादा तयार नव्हता. "नवाकोरा ग्रॅनाइट आहे गं, वेडी झालीस का? उद्या फ्लॅट विकायचा झाला तर?" वहिनी उंच आहे. ती सकाळी आठला बाहेर पडते ती रात्री आठला येते, पण ओट्याचं नाव काढलं की उंची तिची मोजायची. मी वाद घातला का? नाही घातला. गिऱ्हाइकाच्या घरी कंबर कसून भांडणारी मी, भावाच्या घरी गप्प बसले. आणि काय केलं? चौतीसातून तीस वजा केले आणि आईला चार इंच उंचीचा पाट करून आणला. वर्कशॉपमधल्या उरलेल्या प्लायचा. वरून कॅबिनेटला मॅचिंग लॅमिनेट लावून. चकचकीत, ऑफव्हाइट. सगळ्यांनी वाखाणला. वहिनी म्हणाली, किचनमध्ये कळूनसुद्धा येत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

आई त्या पाटावर उभी राहून स्वयंपाक करायला लागली. सिंककडे जायचं असलं की उतरायची, पायाने पाट ढकलत न्यायची, परत चढायची. दिवसातून किती वेळा, देव जाणे. मला ते दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं आणि त्याचं नाव मी "आईचा पाट" ठेवलं होतं. नाव ठेवलं की गोष्ट घरातली होते, मग तिच्याकडे कोणी बघत नाही.

आमच्याकडे गणपती पाच दिवसांचे. गौरीबरोबर विसर्जन. पाच दिवस घरात माणसांची रीघ, दादाच्या ऑफिसातले, वहिनीच्या माहेरचे, सोसायटीतले. पंच्याहत्तरी उलटल्यावर आई दरवर्षी म्हणायला लागली, "आता दीड दिवसाचा करूया." तिने गुरुजींनाही विचारून घेतलं होतं. त्यांनी सांगितलं, आजी, झेपेल तेवढं करा, देवाला सगळं कळतं. देवाला कळलं, दादाला कळलं नाही. "बाबांनी इतकी वर्षं केलं ते मी मोडू? लोक काय म्हणतील?" मी एकदा त्याला म्हटलं, बाबांनी इतकी वर्षं काय केलं? सोवळं नेसून आरती केली. नैवेद्य कोणी केला? तो चिडला. म्हणाला, तुझं आपलं नेहमीचंच. हो, माझं नेहमीचंच आहे. परंपरा सांभाळतो म्हणणारा माणूस मोदकाची एक कळी पाडून दाखवू दे, मग मी गप्प बसेन.

मागच्या वर्षी हरतालिकेच्या सकाळी आई पाटावर उभी राहून मोदकांचं सारण परतत होती. मोठी कढई, पाच नारळांचं खोबरं, गूळ. पाट घसरला. आई उजव्या हातावर पडली आणि मनगट मोडलं. कढई अंगावर आली नाही, ते नशीब. मी पोचले तेव्हा ती दवाखान्यात बाकावर बसली होती, हातावर फडकं गुंडाळलेलं, बोटांना गूळ चिकटलेला. मला बघून म्हणाली, "गॅस बंद केला काय गो कोणी?"

गणपती पाच दिवसांचेच झाले. आणि काय झालं माहीत आहे? काहीच झालं नाही. मोदक पार्ल्यातल्या एका बाईंकडून आले, जेवण बाहेरून आलं, गौरीच्या भाज्या वहिनीच्या बहिणीने करून आणल्या. आलेल्या लोकांनी आईची चौकशी केली आणि दोन-दोन मोदक जास्त खाल्ले. आभाळ कोसळलं नाही. दादा मला कौतुकाने सांगायला लागला, "बघ, किती सुटसुटीत झालं. पुढच्या वर्षी दीड दिवसाचाच करू, आणि जेवण बाहेरूनच." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आई आतल्या खोलीत पडल्या पडल्या ऐकत होती. तिथूनच म्हणाली, "मी सांगत होते तेव्हा परंपरा होती. हात मोडल्यावर सुटसुटीत."

सण सोपे करायचे असतील तर घरातलं एक माणूस आधी मोडावं लागतं, अशी काही रीत आहे का? जी बाई राबते तिने नुसतं "दमले" म्हटलं तर ते पुरत नाही. एक्स-रे लागतो.

खरी भांडणं पुढे झाली. प्लॅस्टर निघायच्या आतच दादाने निकाल देऊन टाकला. आईने आता किचनमध्ये यायचं नाही. स्वयंपाकाला बाई ठेवली. आईला सांगितलं, तू आता आराम कर, टीव्ही बघ. सगळे म्हणाले, किती काळजी घेतात मुलं. काळजी? ओटा उंच होता, म्हणून आईला किचनबाहेर काढली. दगड जागचा हलला नाही, बाई हलली. आई त्या सोफ्याच्या कडेला बसून राहायला लागली. स्वयंपाकाची बाई वाटपाला खोबरं न भाजता वाटायची. आई जेवायची, बोलायची नाही. एकदा मी गेले तर ताटात तिसऱ्यांची आमटी, शिंपल्यांसकट, तशीच होती. म्हणाली, "भूक नाही." आईला कोकणातून आल्यापासून तिसऱ्यांसमोर भूक नव्हती असं कधी झालेलं नाही.

मी दादाला म्हटलं, तो ओटा कापायचा.

"परत तेच? अगं, स्टँडर्ड हाइट आहे ती."

"कोणाची?"

"म्हणजे?"

"स्टँडर्ड कोणाची? तुझी? तू चहा तरी करतोस का तिथे?"

"आईचं वय झालंय. तिने कशाला करायचं आता? तुला तिला राबवायचंय का?"

"तिला आपल्या हाताने कालवण करायचंय, दादा. पाच दिवसांची चाळीस माणसं नाही. तिचं स्वतःचं कालवण. यातला फरक तुला कळत नसेल तर तू तिच्या हातचं उगाच जेवलास."

तो उठून गॅलरीत गेला. वहिनी म्हणाली, "कापा. मला कुठे कोणी विचारलं होतं? मी उंच आहे म्हणून ओटा माझा, हे तुम्हीच ठरवलंत. मला सकाळी डबा भरायला फूटभर जागा पुरते." इतकी वर्षं मी तिला दादाच्या बाजूला धरलं होतं आणि तिलाही मी कधी विचारलं नव्हतं.

ठरलं ते असं. खिडकीकडचा अडीच फुटांचा तुकडा कापून खाली घ्यायचा, तिथे दोन बर्नरची शेगडी बसवायची. बाकीचा ओटा तसाच. मी स्वतः वर्कशॉपमध्ये उभी राहिले. चिठ्ठीवर लिहिलं, उंची तीस इंच. आमचे मिस्त्री चिठ्ठी वाचून म्हणाले, "आईंना उभं केलंत ना?"

मी म्हटलं, "माझ्या आईचं माप मला विचारता? तीस. लहानपणापासून माहितीये."

त्यांनी चिठ्ठी खिशात घातली आणि दगड कापला.

तुकडा बसवायला एक दिवस गेला. संध्याकाळी मी तो लॅमिनेटचा पाट उचलला आणि खाली नेऊन सोसायटीच्या कचऱ्याच्या पेटीत टाकला. टाकला म्हणजे आपटला. वॉचमन बघत राहिला. फार बरं वाटलं मला त्या वेळी. वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आईचं प्लॅस्टर निघून महिना झाला होता, हात वळायला लागला होता. तिने पदर खोचला, नव्या शेगडीवर लोखंडी तवा ठेवला आणि वाटपासाठी कांदा-खोबरं भाजायला घेतलं. दादासुद्धा दारात येऊन उभा राहिला. खोबऱ्याचा वास घरभर सुटला. वहिनी म्हणाली, आता खरं घर वाटतंय. मी मागे उभी राहून आईकडे बघत होते, आणि माझी नजर तिच्या पायांवर गेली.

टाचा उचललेल्या होत्या. दोन्ही. ती चवड्यांवर उभी होती, डाव्या हाताने ओट्याची कड धरून. थोडा वेळ टेकायची, परत उचलायची. तव्यात बघायला मान ताणायची. मला आधी वाटलं, सवय असेल. मग आईने उलथणं खाली ठेवलं, इकडे तिकडे बघितलं आणि विचारलं, "माजो पाट खंय आसा?"

तो मी आदल्या संध्याकाळी कचऱ्यात आपटला होता.

त्या पाटावर ती उभी राहायची तेव्हाही ओटा तिला तीसच इंच पडत होता. चार इंच मीच मोजून दिले होते. म्हणजे त्या पाटावरही ती चवड्यांवरच उभी राहत असणार. हरतालिकेच्या सकाळी पाट घसरला असं आम्ही सगळे सांगत फिरलो. चकचकीत लादी, चकचकीत पाट, घसरणारच. पण चार इंचांच्या पाटावर टाचा उचलून, पाच नारळांचं सारण ढवळत कोण किती वेळ तोल सांभाळेल? ती चार वर्षं सांभाळत होती.

मी पर्समधून टेप काढला. राग आला होता, आणि या वेळी तो काढायला समोर कोणी नव्हतं. आईला म्हटलं, "आई, गॅस बंद कर. सरळ उभी राहा. कोपरातून हात दुमड." तिने चप्पल काढली, भिंतीला पाठ लावली आणि हवेत पोळी लाटतात तसे हात पुढे धरले. मी खाली बसले. टेपचं टोक तिच्या टाचेशी धरलं आणि कोपरापर्यंत मोजलं. साडेतेहेतीस. परत मोजलं. साडेतेहेतीस. गवंड्याने रेघ मारली तेव्हा छत्तीस भरलं असतं, शेगडीचे सहा वजा जाऊन तीस. अडीच इंच गेले होते. कधी गेले, कुठे गेले, आम्ही कोणी बघितलं नाही. माझ्या डोक्यात आई अजून त्या खडूच्या रेघेशी उभी होती, आणि मी गावभर त्याच रेघेची गोष्ट सांगत फिरत होते.

दादा दारातून म्हणाला, "किती आलं?" मी सांगितलं नाही. आईलाच सांगितलं. म्हटलं, दगड परत काढायला लागेल, साडेसत्तावीसला घ्यायला लागेल, माझं चुकलं, मी माप न घेताच लिहून दिलं.

आई भिंतीशी तशीच उभी होती, हात अजून दुमडलेले. माझ्याकडे खाली बघत म्हणाली, "विचारलं असतंस तर उभी राहिले असते गो."